आठ सेकंद

बस्ते नर्सरीची साइट
पिंपळगावात, एका दांडीच्या रेंजवर
उघडायला आठ सेकंद घेते.
तेवढ्यात गिऱ्हाईक दुसऱ्याची रोपं बघून मोकळं.

गंगापूर रोडवर, रात्री उशिरा, मी विरळणीला बसते.
तीन फाँट खुडले.
फिरता बॅनर खुडला.
कधीची पडून असलेली एक स्क्रिप्ट
वांझ फुटीसारखी काढून टाकली.
घड दाटला की मणी फुगत नाही,
हे बस्तेअण्णांनीच सांगितलेलं,
द्राक्षांबद्दल.

दोन सेकंद.

उरला एकच फोटो, सहा एमबीचा:
कलम बांधायला वाकलेल्या हौसाकाकू.
अण्णा फोनवर एवढंच म्हणाले,
"तिला बारीक नका करू."

नाही केलं.
फोटो पार तळाशी ठेवला.
तिथवर कुणी उतरलं
तरच उमटतील काकू,
सावकाश,
अख्ख्या.