ओठ मिटून

गिलगिलच्या बाजारात माझा फोटोचा गाळा.
मागे निळा पडदा, पुढे स्टूल,
भिंतीवर आरसा आणि दोरीला बांधलेला कंगवा.
तेवीस वर्षं झाली.
इथं कुणाला “हसा” म्हणायचं नाही,
हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो.
नवरी हसते ती डोळ्यांनी,
नवरदेव मिशीआड.
माझ्या खोक्यांमधून गावच्या गाव
ओठ मिटून बसलेलं आहे.

घासत नाहीत लेकाचे, असं म्हणायचे
बाहेरून बदलून आलेले मास्तर.
घासत नाही?
कोळशानं घासले, राखेनं घासले,
गथोनी मावशीनं तर विटेची पूड लावली,
लिंबू-मीठ चोळून हिरड्यांतून रक्त काढलं.
डाग होता तिथंच.
कुणाचा खडूच्या पट्ट्यांसारखा,
माझा तपकिरी,
पत्र्यावरून ओघळलेल्या गंजासारखा.

मग दवाखान्यातली चेरोतिच बाई म्हणाली,
घासून जात नाही, कारण ते वर नाहीच.
तोंडात दुधाचे दात असतात
तेव्हाच खाली, हिरडीच्या अंधारात,
पक्के दात घडत असतात
आणि पाण्यातलं फ्लोराइड
त्यांच्या घडणीत जाऊन बसतं.
सूतच रंगलेलं,
मग कापड किती धुवाल?

पाणी.
बोअरला पाणी लागलं तो दिवस मला आठवतो.
वडिलांनी बोकड कापला होता.
झाडाएवढं उडालं ते, काचेसारखं स्वच्छ,
आम्ही पोरं ओंजळीनं प्यायलो,
आई म्हणाली, सुटलो त्या गढूळ ओढ्यातून.
शिव्या तरी कुणाला घालायच्या?
आपलेच दात आणि आपलेच ओठ,
एकानं दुसऱ्याला जन्मभर झाकायचं.

काल न्याकिओ आली, सलूनमधली.
नैरोबीच्या हॉटेलात जागा आहे,
दारासमोरच्या टेबलावर बसायची.
हसरा फोटो मागितलाय, म्हणाली,
तोंडावरचा हात तसाच ठेवून.
मी म्हटलं, हस, मग बघू.
संगणकावर तिचे दात पांढरे केले,
एका बोटाचं काम, त्याचे मी पैसे घेत नाही.
ती पडद्याकडे बघत राहिली.
“ही कुणाची कोण?”

मी तिला बाईचंच सांगितलं:
डाग हलका असेल तर वरचा पापुद्रा घासून निघतो,
पण डॉक्टरच्या हातानं, विटेच्या पुडीनं नव्हे.
खोल असेल तर पातळ कवच चिकटवतात,
एका दाताला माझी दोन महिन्यांची कमाई.
पगार सुरू झाला की बघ.
“पगारासाठीच तर दात हवेत.”
चणे मिळायलाही
आधी दातच दाखवावे लागतात.
दोन फोटो दोन पाकिटांत घालून नेले तिनं.
कुठलं पाठवलं, मी विचारलं नाही.

घरी फिल्टरची बादली आहे,
पोरगी झाली त्या वर्षी आणलेली.
आत हाडांचा कोळसा,
खाटिकखान्यातली हाडं भट्टीत भाजून केलेला.
कुणाच्या तरी मेलेल्या गाई
माझ्या पोरीचे दात राखतात.
कोळसा वेळेवर बदलावा लागतो.
ती दोन वर्षांची असताना
एकदा मी तीन महिने विसरलो होतो.
बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आज न्यागुथीचा पुढचा दात पडला.
बॅटरी धरून मी आत डोकावलो.
हिरडीतून मक्याच्या कणीएवढी कड,
तिच्यावर एक फिकट रेघ,
त्या तीन महिन्यांची की बॅटरीच्या उजेडाची,
बॅटरी इकडून तिकडून धरली तरी ठरेना.
“बाबा, तूच आ केलायस,” ती म्हणाली
आणि माझ्या तोंडात बघून
नसलेल्या दातासकट
दात काढू लागली.
मी मिटायला गेलो
आणि राहूनच गेलं.