तेजाब

जळगावच्या सराफ बाजारात
दगाआप्पा विसपुत्यांनी चाळीस वर्षं
गटारीचा गाळ धुतला,
दुकानांचा केर, चटया, झिजलेले झाडू.
एकदा एका कारागिराचा फाटका बनियन जाळून
राखेतून दोन गुंजा काढल्या.
तो किस्सा त्यांना अजून आठवतो,
माझं नाव मात्र दुपारनंतर निसटतं.

उजवा हात आता केर नसतानाही चाळतो.
अंगठा बोटावर, बोट अंगठ्यावर, अखंड.
डॉक्टर म्हणाले, ही गोळी वळल्यासारखी थरथर,
या आजाराची खूणच आहे.
मला वाटतं, चिमटीत कण धरलाय
आणि तो सांडू द्यायचा नाहीये.

मे महिना. कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
मी कळण्याची भाकरी त्यांना कुस्करून देते.
विचारतात, तू तठे काय करस?

मेंदूत काही पेशी मरायचं विसरतात, आप्पा.
काम सोडतात, जागा सोडत नाहीत,
शेजारणींवर विष थुंकत बसतात.
(आपली गल्ली, ते म्हणतात.)
पण धडधाकट पेशीला जगायला दहा दोऱ्या असतात,
हिच्याकडे उरलेली असते एकच.
ती कापायची. बस.

बराच वेळ नुसता कूलर बोलतो.
मग: तेजाब.
तेजाब चांदीले खास, सोनाले खात नही.
पन आधी तीन वाटा चांदी घालनी पडस,
नही ते आत शिरतच नही.

म्हणजे शुद्ध करायचं ते
आधी अजून हिणकस करायचं.
आजारी पेशीला आणखी थोडं टेकीला आणायचं,
मग थेंब.
हे माझ्या वहीत सहा महिन्यांनी आलं होतं,
तेही खोडून.

बावीस उंदरांपैकी नऊ
दांडीवरून पुन्हा नीट चालले.
चौघांत तेजाबानं सोनंही खाल्लं.
हे मी सांगितलं नाही,
त्यांनीच विचारलं, घट किती आली?
चार, म्हटलं.
त्यांनी मान हलवली,
की ती आपोआप हलली, कळलं नाही.

रात्री आठची गोळी
त्यांच्या चिमटीतून सुटली, खाटेखाली गेली.
मी मोबाईलचा उजेड धरून वाकले.
शोधू नको, म्हणाले.
झाडू लाव.
केर फेकू नको.