अविवाहित असल्याचा दाखला

खिडकी नंबर दोन. नऊ ते एक.
हुआमांगाहून चार तास वर, जिथे बटाटे
रात्री दंवात अंथरतात आणि सकाळी पायांनी तुडवतात,
तिथल्या नगरपालिकेत मी बसते.
लग्न महापौर लावतात. मी फक्त कागद लावते.

सातुर्निना पारियोना आणि तेओफिलो सुल्का
एकेचाळीस वर्षं एका चुलीवर आहेत.
मुलं चार, हयात तीन.
काय काय लागतं, तिने विचारलं. मी वाचून दाखवलं:
जन्माचे दाखले. राहत्या पत्त्याचा दाखला.
डॉक्टरचा दाखला, रक्त तपासून,
की एकाचा दुसऱ्याला धोका नाही.
"हे आधी सांगायचं होतं," ती म्हणाली.
दोन साक्षीदार, किमान तीन वर्षं ओळखणारे.
आणि अविवाहित असल्याचा दाखला.

तेओफिलोने टोपी काढली.
"मी अविवाहित?"
कागदोपत्री, मी म्हटलं.
तो वळून सातुर्निनाकडे बघत राहिला,
तिला मागणी घालायला
आत्ताच डोंगर उतरून आल्यासारखा.

जन्माचा दाखला मात्र नव्हता.
त्याच्या गावची नोंदवही जळाली
त्या वर्षी, ज्याचा आकडा इथे कुणी काढत नाही,
नुसतं 'तेव्हा' म्हणतात.
तेव्हा कचेरी जळाली, टाइपरायटर जळाला,
आणि अख्खं गाव जन्मलंच नाही असं झालं.
शेवटी चर्चच्या कपाटात बाप्तिस्म्याची वही सापडली,
कोपरे उंदरांनी खाल्लेली.
तीत तो होता. आईचं नाव, बापाच्या जागी रेघ,
आणि तारीख:
स्वतःला समजत होता त्याहून तीन वर्षांनी लहान.
"म्हणजे मी मोठी?" सातुर्निना ओरडली,
आणि मागची सगळी रांग हसली.

आत्ताच का, हे मी विचारत नाही.
फॉर्मात तसा रकाना नाही.
तिनेच सांगितलं. शहरातल्या इस्पितळात
त्याच्या छातीत नळी घालायची होती,
नर्सने विचारलं, तुम्ही यांच्या कोण?
हिने सांगितलं.
नर्स म्हणाली, कागद आहे?
रात्रभर ती बाहेरच्या बाकावर होती,
त्याचे बूट मांडीवर घेऊन.

नोटीस लावली. आठ दिवस, दर्शनी भिंतीवर.
सदर विवाहास कोणाची हरकत असल्यास
लेखी कळवावे, कारणासह, सहीनिशी.
चौथ्या दिवशी खाली पेन्सिलीने कुणी लिहून गेलं:
तार्दे.
म्हणजे, उशीर.
ही हरकत धरायची का?
मी कायदा काढून बसले.
सही नव्हती. आणि उशीर
हे कारण यादीत नाही.
खोडरबर ड्रॉवरमध्ये होतं. राहू दिलं.

शनिवारी महापौरांनी पट्टा घातला, कलमं वाचली.
एकमेकांशी एकनिष्ठ राहावं. अडीअडचणीला साथ द्यावी.
एका छताखाली राहावं.
साक्षीदारांपैकी एकाला खोकला आला, की हसू, कळलं नाही.
मुलांना खाऊ घालावं, जपावं—
इथे सातुर्निना आपल्या नव्या बुटांकडे बघत होती.
महापौर वाचत राहिले.

मग सही.
तेओफिलोने पेन कुदळीसारखं धरलं.
आधी मोठा टी, त्याची आडवी रेघ
डावीकडे कललेली, लांब,
पुढच्या सगळ्या अक्षरांवर वळचणीसारखी आलेली.
ती रेघ मी चार दिवस भिंतीवर बघत होते.
मी त्याच्याकडे पाहिलं.
तो खिडकीबाहेर बघत होता, कुणाचं तरी गाढव.

तिने अंगठा उठवला.
पुसायला कापूस मी विसरले होते;
त्याने कोटाची बाही पुढे केली,
लग्नासाठी उसनी आणलेली.

नियमाने नोटीस फाइलला जोडायची असते,
भिंतीवरून उतरवली तशी.
तशीच जोडली.