एक हात खिशात

आधी डावा हात खिशात घाल, तूइरे.
अ‍ॅम्प्लिफायरचं पोट उघडं असताना
दोन्ही हातांनी कुणी शिकत नाही इथे.
प्लग काढलाय हे मला ठाऊक आहे,
कपॅसिटरला नाही.
चारशे साठ व्होल्ट मनात धरून बसतो तो,
माझ्या मेहुण्यासारखा,
एका होडीच्या हिश्श्यावरून, तेवीस वर्षं.

हा रेझिस्टर टेकव. वीस मोज.
मीटर काय म्हणतो? शून्य?
मग काढ हात.

तुझी तक्रार कळली मला.
खालची तार बी-पर्यंत उतरवलीस
आणि आवाज एप्रिलमधल्या कच्च्या रस्त्यासारखा झाला:
चाक रुततं, निघतं, पुन्हा रुततं.
गेन कितीवर होता?
दहा.
सगळेच दहावर ठेवतात,
मधे कुठे रिकामं ऐकू येईल, या भीतीने.
साडेचारवर आण.
रडू नकोस, साडेचार पुष्कळ आहे.

ते हिरवं पेडल पुढे लाव.
ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण.
ते स्वतः काही वाजवत नाही,
दारात उभं राहून
जाड सुरांना बूट काढायला लावतं फक्त.
चिखल आत आल्यावर पुसण्यात काय अर्थ?

आणि हा बावीस नॅनोचा काढू,
त्याच्या जागी चार दशांश सात.
बारीक दिसतो ना? दार अरुंद हवं.

आता पेन्सिल घे, प्रत्येक ट्यूबला हलकेच टिचक्या मार.
पहिली गप्प. दुसरी गप्प.
तिसरी ऐक,
चमचा पडल्यासारखी किणकिणते.
वाईट नाही ती,
ऐकू नये तेही ऐकते, एवढंच.
तिला माझ्या रेडिओत घालीन, बातम्यांना चालेल.

बायस लावायचा, तर वीज चालू.
हात? खिशात.
काटा थरथरू दे. थांब. अजून थोडा खाली.
थंडच ठेवू.
गरम ठेवलं की गोड होतं,
आणि गोडाचं तुझ्या गाण्यात
मला तरी काही काम दिसलं नाही.

मिडल वाढव. नाही, वाढव.
इथे एकटीने वाजवताना कुरूप वाटेल.
तुमचा तो ड्रमवाला काउको सुरू झाला की
त्या कुरूपातूनच वाट निघेल तुला.

मला विचारू नकोस कसं वाटलं.
कागदाच्या कारखान्यात एकतीस वर्षं,
चार नंबरच्या मशिनजवळ,
वरचे सूर तिथेच राहिले माझे.
मशीन भंगारात गेलं, सुरांचं कुणी विचारलं नाही.
मी स्पीकरच्या पेटीवर तळवा ठेवतो.
आवाज सुरू झालेला कुणालाही कळतो.
मी बघतो, तो थांबतो कधी.

ऐकलंस?
बाहेर उणे एकतीस आहे, भिंतीतला ओंडका तडकला.
ठाक्.
आणि मागे काहीच नाही,
लाकडाने हात झटकले जणू.
हाच हवाय ना तुला, इतके पैसे घालवून?

मग उरलेलं माझ्याकडे नाही, तुझ्या उजव्या तळव्यात आहे.
तारा जिथे पुलावर टेकतात तिथे ठेव.
फार दाबलास तर पुठ्ठा,
कमी दाबलास तर पुन्हा एप्रिल.
वाजव.

पुन्हा.

पुन्हा, आणि थांबताना भिऊ नकोस.

हं.

कॉफीचा पेला सरकला बघ,
आणि दोन ठोक्यांच्या मधे
वरच्या मजल्यावर राइली झाडू आपटतेय
तेसुद्धा सुटं सुटं ऐकू येतंय, मला, या कानांनी.
आज महिन्यांनी ऐकली ती. रागावलीय.

बंद कर. झाकण लाव.
स्क्रू आठ होते.
सात आहेत.
टेबलाखाली काय शोधतेस,
खिसा बघ.