फाटक

देवळामागून बंदराकडे उतरणारी वाट
प्रभुदेसायांच्या कलमबागेतून जाते.
फाटकाला कुलूप नाही. बांबूचा एक आडणा,
तोही बहुधा काढूनच ठेवलेला.

चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला अडवलं नाही.
मुलगा गेला त्या पहाटेसुद्धा
आधी गड्याला फाटक उघडायला पाठवलं,
मग रडायला बसले.
पाट्या घेतलेल्या बायांना थांबावं लागलं नाही.
माणूस चांगला. हे आधी लिहून ठेवतो.

पण फाटक जवळ आलं की सगळे खोकतात.
घशात काही नसताना.
बोलणं खाली येतं.
सरंगा मोठा गावला की एक
खांबापाशी राहतो, केळीच्या पानात,
कुणी मागितलेला नसताना.
त्यांचा विनोद संपायच्या आत
आमचं हसणं सुरू झालेलं असतं.
माझंही. मी पंचायतीचा कारकून,
मासळीशी माझा संबंध फक्त जेवणापुरता,
तरी.

ग्रामसभेत जयवंती कुबल उभी राहिली.
मनगटाला एक खवलं चिकटलेलं, चमकणारं.
"वाट गावच्या नकाशात घाला," म्हणाली.

प्रभुदेसाई दुखावले. नाटक नव्हतं,
चष्मा काढून त्यांनी तो उगाच पुसला.
"मी कधी अडवलंय तुमका?"
"नाय अडवलात."
"मगे?"
"उद्या अडवलात तर?"
"कित्याक अडवीन गे?"
"ताच. ता तुमी ठरवतल्यात."

पुढे कुणीच बोललं नाही.
मागे कुणाचं तरी पोर रडलं, त्याला बाहेर नेलं.

माझ्यापुढे वही. सर्व्हे नंबर, लांबी, रुंदी,
वहिवाट, कब्जा, सगळ्यांना रकाने आहेत.
मर्जी कुठे लिहायची, ते छापलेलं नाही.
सूचक: जयवंती रामा कुबल.
अनुमोदक: इथे पेन टेकवून मी थांबलो.
समोर ओळीने खाली घातलेल्या माना,
त्यांत माझ्या मेव्हण्याची एक.
शाई पसरत गेली,
मसुराएवढं टिंब झालं.
विषय पुढच्या सभेवर.

दुसऱ्या पहाटे फाटक उघडंच होतं.
बाया गेल्या, एकामागून एक,
खोकत.
जयवंती गेली
न खोकता.

बागेतलं कुत्रं, जे रोज
डोळा किलकिला करून परत झोपतं,
ताडकन उठलं
आणि ती होड्यांपाशी पोचेपर्यंत
भुंकत राहिलं.