बुडावरचा आकडा

रात्री पावणेदोनला हर्षला बाटली उलटी धरते
ट्यूबलाइटखाली,
नोट खरी की खोटी बघावी तशी.
"त्रिकोणात सात आहे रे. सात म्हणजे काय?"

मला ठाऊक आहे. साकीनाक्याच्या गाळ्यात
अकरा वर्षं मशीनवर उभा आहे मी.
बादल्यांची झाकणं, साबणाच्या डब्या,
एका निवडणुकीला दोन महिने नुसत्या शिट्ट्या.
एक म्हणजे पाण्याची बाटली, दोन म्हणजे तेलाचा कॅन,
पाच बरा, उकळत्या पाण्याला टिकतो.
सात म्हणजे इतर.

"इतर म्हणजे?"
इतर म्हणजे इतर. फॉर्मवर असतं तसं,
सगळे रकाने संपल्यावर उरलेल्यांसाठी.
"म्हणजे हिच्या पोटात काय जातंय
ते कुणी लिहिलेलंच नाही?"

मी गप्प. मला दिसतो तो दाणा,
गोणीतून ओतताना साबुदाण्यासारखा शुभ्र,
आणि शेठ सांगेल तेवढा त्यात मिसळलेला भुगा,
तुटक्या खुर्च्यांचा, फुटक्या मगांचा,
ज्याचा मागचा जन्म कुणी विचारत नाही.
खाण्यापिण्याच्या मालात आम्ही भुगा घालत नाही.
म्हणजे आमच्या गाळ्यात घालत नाही.
म्हणजे, माझ्या पाळीत.

रविवारी मुलुंडहून काचेची आणली, चारशे ऐंशीची.
पाळणाघराच्या पेडणेकर बाईंनी ती
पिशवीतून अर्धी बाहेर काढली नि परत आत सरकवली.
"सहा रांगती पोरं आहेत माझ्याकडे. काच नको हं."
त्यांचंही चूक नाही.
घरी तरी वापरू म्हटलं.
नवव्या दिवशी मोरीच्या कट्ट्यावरून गेली.
दोघं गुडघ्यांवर, मोबाइलचा टॉर्च लावून,
लादी बोटांनी वाचत.
तिसऱ्या दिवशीही एक तुकडा सापडला
पाळण्याच्या पायाशी, बडीशेपेएवढा.
त्या दिवशी हर्षला जेवली नाही.

मग सासूबाईंनी गुहागरहून एसटीच्या पार्सलनं
बोंडलं पाठवलं. पितळी, जड,
चोचीला पोचा आलेलं, आतली कल्हई उडालेली.
चिठ्ठीत एवढंच: तू याच्यावर वाढलीस.
कल्हईवाला शोधत भांडुप पालथं घातलं.
स्टेशनजवळ एक होता म्हणे.
तिथे त्याचा मुलगा बसतो आता,
मोबाइलची कव्हरं विकायला.
"कशाची कव्हरं?" हर्षलानं विचारलं,
आणि मी सांगायच्या आत हसत सुटली,
इतकी, की मिहिका दचकून जागी झाली.

नऊ तारखेला तिची रजा संपते.
घाटकोपरच्या लॅबमध्ये दिवसभर
लोकांचं रक्त काढून नळ्यांत भरायचं.
त्या नळ्याही कुठल्यातरी गाळ्यातूनच येतात.

शेवटी पाचची बाटली घेतली.
दूध स्टीलच्या पातेल्यात तापतं, तिथेच निवतं,
मनगटावर थेंब टाकून बघायचं, मगच ओतायचं.
पेडणेकर बाईंना तसं कागदावर लिहून दिलंय,
दोनदा अधोरेखित करून.
दूध येतं ते पिशवीतून,
पाणी निळ्या पिंपातून.
ते आम्ही एकमेकांना सांगत नाही.

मी पाळी संपवून येतो. कोपरापर्यंत साबण लावतो,
नखं घासतो, पुन्हा लावतो,
तरी वितळल्या दाण्याचा वास जात नाही,
की तो माझ्या नाकातच बसलाय, कोण जाणे.
मिहिकाला घेतलं की ती पहिल्यांदा
माझं बोट धरते आणि सरळ तोंडात घालते.
आज सोडवून घेतलं, दिव्याखाली उलटंपालटं केलं.
आकडा नव्हता.
डायचा जुना चटका होता, गुळगुळीत झालेला.
तिनं ओठ काढले, रडायच्या बेतात आली.
हर्षला आतून म्हणाली, "दे रे तिला,
धुतलंयस ना?"