जाळ

आण्णाप्पा चौगुले, वडणग्याचे गुळवे.
तोंडात दोन बोटंही जात नाहीत आता.
हंगामात पाक बोटावर घेऊन जिभेला लावायचे
आणि ओरडायचे, "बास! जाळ काढा!"
की चुलवाणात पडणारी चिपाडं थांबत.

काल त्यांना नळीत लाळ मागितली.
अर्धा तास लागला.
"माव्याची पिंक एका दमात
काहिलीपलीकडं जायची बघा," म्हणाले
आणि हसताना गाल ओढला गेला.

शाहूपुरीतल्या लॅबमध्ये रात्री
त्या लाळेतल्या हाका मी मोजते.
इंटरल्युकिन सहा, आठ, टीएनएफ:
पेशींनी पेशींना मारलेल्या.
इथं जखम आहे, या, जाळ लावा.
वीस वर्षं रोज चुना, रोज जखम, रोज हाक.
धावून येणारे प्रामाणिकच होते.
मग गालातल्या कुठल्याशा पेशीनं
तीच हाक शिकून घेतली
आणि आलेल्यांनाच चिपाडं वाहायला लावलं.

प्लेटवर निळा चढत जातो.
मग मी आम्लाचा थेंब सोडते, सगळं जागीच थांबतं,
निळ्याचा पिवळा होतो, कच्च्या पाकासारखा.
इथं थांबवणं इतकं सोपं.
आकडा वहीत लिहिते. आकडा म्हणजे औषध नव्हे.

सकाळी ते बाकावर बसलेले असतात,
शेजारी पिशवीत माझ्यासाठी गुळाची ढेप.
"बाई, कुठवर आलाय पाक?"
"जाळ मोठा आहे, आण्णा."
रुमालानं ओठ टिपत राहतात.
"आन् बास कोण म्हणायचं?"

मी पुढच्या नळीवर नाव लिहायला घेते.
पेन उमटत नाही.